हाजींच्या पिकअपमध्ये हवा भरताना

गॅरेजमध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्याकडे दुधाच्या पावडरीचा एक मोठा डबा आहे. गाडीचं काम झालं की उरलेले नट-बोल्ट त्यात टाकायचे. ते उरले कसे, हे विचारायचं नसतं! किस्स्यांचंही तसंच आहे. गाडी निघून जाते आणि मागे दोन-चार किस्से उरतात. पण हाजींच्या पिकअपने एकटीने इतके उरवले, की बाकीच्या गाड्यांचे मी विसरून गेलोय.

आधी माणसं सांगतो. गॅरेज बहरीनमध्ये, तुबलीत, खाडीच्या बाजूला. वेल्डिंग आणि सगळी जड कामं सावंतकाकांकडे. काका कुडाळचे. इथे यायच्या आधी एस.टी.च्या डेपोत बारा वर्षं मेकॅनिक होते, आणि अजून मनाने तिथेच आहेत. ऑफिस, पार्ट, व्हिसा, शिव्या खाणं, हे सगळं पास्कलकडे. तो वसईचा. गाडीखाली तो आयुष्यात गेलेला नाही, पण खाली जाणाऱ्यांना सूचना देतो. तिसरा मी, संदेश, गुहागरचा. वायरिंग आणि फिटिंग माझं.

तर ऐका.

* * *

खालिद नावाचा एक बहरीनी रिफाहून आला तो एक जुनी, उंच केलेली पिकअप घेऊन. टायर माझ्या कमरेला लागतील एवढे. उतरला आणि म्हणाला, "ये गाडी बैठना चाहिए."

सावंतकाकांनी गाडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "खंय बसूची ती?"

गाडी त्याच्या वडिलांची होती, हाजींची. वाळूत अडकू नये म्हणून त्यांनीच ती स्वतःच्या हाताने उंच केलेली. दर हिवाळ्यात इथली कुटुंबं साखिरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात, तेव्हा घरच्या तंबूचा पहिला खांब हाजी ठोकणार आणि तिथे याच गाडीतून जाणार, हा त्यांचा नेम. पण आता गुडघे गेले. पाय वर जाईना. खालिदने एकदा प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं, ते हाजींनी काठीने उडवलं. दोघा भावांनी मिळून धरायचं ठरवलं, तर म्हणाले, "उचलून ठेवायला मी काय सामान आहे? तुम्ही जा तंबूत. मी येत नाही."

आणि खरंच बसून राहिले. अंगणात खुर्ची टाकून, गाडीच्या शेजारी, रोज संध्याकाळी.

"स्प्रिंग काढून हवेचे फुगे घाला," खालिद म्हणाला. "बटण दाबलं की गाडी खाली. बाबा बसले की गाडी वर. तंबूच्या आधी झालं पाहिजे. नाही झालं तर ते कधीच येणार नाहीत, मला माहितीय."

शेवटचं वाक्य बोलताना त्याने आमच्याकडे बघितलं नाही. पास्कलने मान खाली घातली आणि जॉब कार्ड भरायला घेतलं. नाही म्हणायची वेळ तिथेच निघून गेली.

* * *

फुगे निवडायला चार दिवस गेले!

खालिदने यूट्यूबवर बघून ठरवलं होतं, अमेरिकेतल्या पोरांच्या गाड्यांना असतात तसले, चकचकीत. पास्कलने सप्लायरला विचारलं तर तो म्हणाला, स्प्रिंग ठेवा आणि आधाराला नुसते छोटे फुगे टाका, पटकन होईल. पटकन झालं असतं, पण गाडी बसली नसती. स्प्रिंग आहे तोवर गाडी बसणार कशी?

सावंतकाका हाताची घडी घालून ऐकत होते. "माका यष्टीचे फुगे ठावक आसत. पन्नास माणसा आणि वर टपार कोंबडे! ह्या खेळण्यांत काय दम नाय."

शेवटी मधला मार्ग निघाला. जाड रबराचे, डबल घडीचे, ओझ्याच्या गाडीला लावतात ते. तेवढ्यात काकांनी विचारलं, "लोड किती येतलो? तंबू, पाणी, लाकडा... आणि हाजींचा वजन?"

खालिदचा चेहरा उतरला. वडिलांना वजन विचारायची त्याची छाती नव्हती. मग त्याने डोकं चालवलं. बीपी बघायचं म्हणून हाजींना फार्मसीत नेलं आणि गुपचूप वजनाच्या मशिनवर उभं केलं. हाजींनी खाली आकडा बघितला, मग खालिदकडे.

"मला बकरी ईदला विकायचंय का?"

त्या दिवसापासून हाजी त्याच्याशी बोलायचे बंद झाले. खालिदने फोनवर हे सांगितलं तेव्हा पास्कल आधी हसला आणि मग फोन ठेवून म्हणाला, "आता हे काम फसलं ना, तर त्या घरात कोण कुणाशी बोलणार नाही हं, सांगून ठेवतो." आमच्या डोक्यावर नुसती गाडी नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

* * *

एक दिवस हाजी स्वतः आले. न सांगता, भाच्याच्या गाडीतून, काठी टेकत.

त्यांची पिकअप स्टँडवर होती. मागचा भाग उघडा, स्प्रिंगच्या पट्ट्या काढून कोपऱ्यात टाकलेल्या. हाजी गाडीकडे गेलेच नाहीत. त्या गंजक्या पट्ट्यांपाशी जाऊन उभे राहिले. काठीने एकीला टोचलं.

"ये किसने निकाला?"

गॅरेजमध्ये कंप्रेसर चालू होता, तोही कुणीतरी बंद केला. पास्कलने, आमच्या सख्ख्या मित्राने, बोट करून मला दाखवलं!

"कितना टाइम लगा?"

अर्धा तास लागला होता. पण मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "हाजी, दो दिन. बहुत टाइट लगाया था आपने."

हाजींनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तीन दिन लगना चाहिए था." आणि निघून गेले.

* * *

पहिल्यांदा हवा भरायची म्हणजे सगळ्यांचेच ठोके चुकतात. फुगा फाटला तर रबराचा तुकडा माणसाचा डोळा नेऊ शकतो. पास्कल ऑफिसच्या दारामागे गेला. मी बॅटरीच्या रॅकमागे. खालिद आला होता, त्याला मी खेचून बाजूला घेतलं.

सावंतकाका मात्र बटणाला हात लावीनात. टोपी काढली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात, गावच्या देवळात घालतात तसं, गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ही जी हवा आज आमी भरतंव, ती खंयसून गळा नये..."

"व्हय म्हाराजा!" मी रॅकमागून.

"फुगो फुटा नये, वेल्डिंग सुटा नये, कोणाच्या केसाक धक्को लागा नये..."

"व्हय म्हाराजा!" पास्कल दारामागून. कॅथलिक असला म्हणून काय झालं, डोळा त्यालाही प्यारा आहे!

"आणि हाजी ह्या गाडयेत बसून तंबूत पोचांदे रे म्हाराजा!"

खालिदला एक अक्षर कळलं नव्हतं, पण त्यात 'हाजी' ऐकू आलं. तो मोठ्याने म्हणाला, "आमीन!"

काकांनी बटण दाबलं. काटा चढायला लागला. वीस, चाळीस, साठ. गाडी कण्हत कण्हत उचलली जाऊ लागली. ऐंशीला फाट्कन आवाज आला! काहीतरी सुसाट वर गेलं, पत्र्यावर आपटलं आणि ठणठणत खाली आलं. आम्ही सगळे जमिनीवर.

फुगे जागेवर होते. पाइपाचं पितळी फिटिंग तेवढं उडालं होतं. काकांनी ते उचललं, फुंकर मारली आणि कपाळावर हात मारला.

"फिटिंगाचा नाव घेवचा रवला!"

* * *

पुढचा किस्सा मी हसत सांगतो, पण तेव्हा हसलो नव्हतो.

आमच्याकडे नियम आहे, जो गाडीखाली जाईल त्याच्या खिशात किल्ली. म्हणजे वर कुणी गाडी चालूच करू शकत नाही. त्या दिवशी काका खाली गेले तेव्हा किल्ली त्यांच्याच खिशात होती. पण ही नवी यंत्रणा फोनवरून चालते आणि फोनला किल्ली लागत नाही! हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

खालिद ऑफिसात पास्कलला नवीन अ‍ॅप दाखवत होता. "देखो, ये फ्रंट, ये बॅक, और ये..."

फुस्स्स.

मी वळलो तर गाडी खाली येत होती. काकांचे पाय बाहेर दिसत होते, बाकी सगळे काका आत. मी ओरडलो, पण काय ओरडलो ते मला आठवत नाही. गाडी आली, आली आणि खट्ट करून थांबली.

चारही बाजूंना लोखंडी स्टँड होते. ते सकाळी पास्कलने लावून घेतले होते. काका नको म्हणत होते, उंची मिळत नाही म्हणून. पास्कलने नेहमीसारखी कटकट केली होती आणि आम्ही नेहमीसारखी त्याची टर उडवली होती.

मी खालिदची कॉलर धरली. गिऱ्हाइकाची! बहरीनी माणसाची! तो पांढराफटक पडला होता, त्याने हातसुद्धा वर केला नाही. नुसता "सॉरी, सॉरी, वल्ला सॉरी" म्हणत राहिला.

काका सरपटत बाहेर आले. उठून बसले. अंगावरची धूळ झटकली.

"आठ सेकंद," ते म्हणाले. "मोजलंय मी. गाडी बरी बसता!"

मग चहा आला. काकांनी कप उचलला आणि परत ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. शेवटी पास्कलने तो कप हातात घेतला आणि त्यांच्या तोंडाला लावला. त्या दिवसापासून पास्कलने सांगितलेल्या स्टँडना मी कधी हसलेलो नाही.

* * *

आणि मग तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी साखिरला तंबू पडणार होता. हाजी गाडी बघायला आले. बघायला फक्त, असं भाच्याने आधीच फोनवर बजावलं होतं. खालिद कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र थोब, तो लांब अरबी झगा, घालून आलेला. बापलेक अजून बोलत नव्हते.

गाडी धुऊन, पुसून उभी होती, उंच, पूर्वीसारखीच. खालिदने फोन काढला, आमच्याकडे बघितलं, बटण दाबलं. फुस्स्स. या वेळी मध्ये स्टँड नव्हते, बारा सेकंदांत पिकअप पार खाली बसली. पायरी हाजींच्या घोट्याच्या जरा वर आली. लहान मूल चढलं असतं.

मला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण हाजी हललेच नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून, जमिनीला टेकलेल्या आपल्या गाडीकडे बघत राहिले.

"हमारा गाडी जमीन पे नहीं सोता," ते म्हणाले. "उठाओ."

खालिदने वरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. टक्, टक्, टक्. गाडी ढिम्म!

मी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे बघत नव्हते. मग कानाशी येऊन कुजबुजले, "टाकी सकाळी मीच रिकामी केलंय रे..."

एस.टी.च्या डेपोत सकाळचं पहिलं काम म्हणजे हवेच्या टाकीतलं पाणी काढणं. बारा वर्षांची सवय! गाडीतल्या छोट्या कंप्रेसरचा स्विच बंद केला, टाकी सोडली, पाणी काढलं आणि स्विच परत लावायचं राहिलं. गाडी खाली यायला टाकी लागत नाही. वर जायला लागते.

मी धावत जाऊन स्विच लावला. कंप्रेसर घरघरायला लागला. आता आठ-दहा मिनिटं वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता, आणि हे हाजींना सांगायला कुणी तयार नव्हतं. पास्कलने खुर्ची आणली. हाजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते उभेच. गुडघे थरथरताना थोबातूनही दिसत होते. खालिद एकदा हात द्यायला पुढे झाला आणि अर्ध्यावरून मागे आला. एवढी लांब दहा मिनिटं मी बहरीनमध्ये काढलेली नाहीत, आणि व्हिसा संपत आला असतानाचे दिवसही मी इथे काढलेत!

मग पुढची बाजू हलली. मागची हलली. पिकअप हळूहळू उठली आणि पूर्ण उंचीवर जाऊन थांबली.

हाजी चालत दारापर्यंत गेले. हँडल धरलं, दार उघडलं. पायरी त्यांच्या मांडीपर्यंत येत होती. काठीने त्यांनी खालची फरशी ठोकली. ऑइल सांडलेली, काळी फरशी. आणि कित्येक दिवसांनी मुलाकडे बघून एक शब्द बोलले.

"बैठ."

खालिद बसला. पांढऱ्या थोबासकट, एक गुडघा टेकून, दुसरा वर करून. हाजींनी काठी सावंतकाकांच्या हातात दिली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, मांडीवर पाय ठेवला आणि तोल सावरत, दात आवळून वर चढले. सीटवर बसले. दार स्वतः ओढून लावलं. खालिद तसाच खाली होता, उठायचं विसरून.

पास्कल माझ्या कानात म्हणाला, "अरे, मग हे फुगे कशाला घातले आपण?"

आतून काच खाली आली. हाजींनी सीटवर नीट मागे टेकून घेतलं, समोर बघितलं, खालिदच्या फोनकडे बोट केलं आणि म्हणाले,

"हां. अब नीचे करो."