गारपिटीचा अंदाज वर्तवणारा जावई

शेंदूरजनाघाटची अर्धी संत्राबाग मी अमरावतीत, माझ्या घरात, पलंगावर लोळत पाडली.

बाग सासऱ्यांची, वरुड भागातली. आदल्या दोन वर्षी गारपिटीनं हाताशी आलेलं फळ मातीत घातलेलं. यंदा ते वाचलं तरच घर सावरणार होतं. अशात माझ्या मोबाईलवर फोटो आला. लिंबाएवढ्या गारा! खाली मजकूर, 'परवा वरुड भागात महाभयंकर गारपीट होणार.' मी हादरलो. शाळामास्तर असल्यानं (शंका घ्यायला मुलांना शिकवतो) तळाशी एक ओळ जोडली, 'खात्री करूनच पाठवत आहे,' आणि दिसेल त्या गटात ढकलून दिला.

मग खरंच खात्री करायला बसलो. तासाभरात तोच निरोप अकोल्याच्या साडूकडून आला, मग शाळेच्या गटातून, मग मोर्शीच्या मावसभावाकडून. तीन ठिकाणांहून तीच बातमी! आता शंकेला जागाच नव्हती. सासऱ्यांना फोन लावला आणि लगेच फळ तोडायला सांगितलं. फळ अजून आंबट आहे, व्यापारी पंधरा दिवसांनी येणार आहे, असं ते चाचरत म्हणाले. मी ठणकावलं, "मामाजी, माझ्यावर विश्वास नाही का?"

दोन दिवस माणसं लावून त्यांनी अर्ध्या बागेतली हिरवी संत्री तोडली. तिसऱ्या दिवशी असं कडक ऊन पडलं की कुरड्या वाळाव्यात!

बायकोनं माझा मोबाईल हातात घेतला.

"अहो, आपल्या वरुडात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं कवापासून चालून राहिल्या?"

मी फोटो पाहिला. गाड्या उजवीकडून, मागे देवदार, माणसांच्या अंगात गुडघ्यापर्यंत कोट.

"अन् साडूच्या निरोपाखाली हे 'खात्री करूनच' कोनं लिहिलं?"

तिन्ही निरोपांखाली माझीच ओळ होती! मी माझीच थाप तीनदा ऐकून तिच्यावर विश्वास ठेवला होता. लाजेनं मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी शेंदूरजनाघाट गाठलं. अंगणात आंबट संत्र्यांचा ढीग, आणि सासरे मलाच पाट देत होते.

"मामाजी, आभाळ स्वच्छ दिसत होतं ना? मग तोडलं कशाला?"

"मले तं दिसत होतं, जावईबापू," ते खाली बघत म्हणाले. "पन जावयाचा शब्द कसा मोडाव?"

उरलेल्या अर्ध्या बागेनं त्या वर्षी घर तारलं. सासरे आजही फोन करतात, आधी माझी तब्येत आदरानं विचारतात, आणि मग म्हणतात, "पोरीले द्या जरा. पान्यापावसाचं इचारायचं हाये."