गिटारला ग्रीस

पावसाळा तोंडावर आला की आमच्या दिघीत दिसेल त्या लोखंडाला ग्रीस लावतात. ओढून ठेवलेल्या बोटीचं इंजिन, दाराच्या कड्या, कोयते, पाण्याचा पंप, सायकलची चेन. खाऱ्या हवेत पावसाळाभर उघडं राहिलेलं लोखंड दिवाळीला भुगा होऊन हातात येतं, हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच कळतं. माझ्या वडिलांनी तर जन्मभर लाँचीवर इंजिन सांभाळलं. त्यांच्या तावडीतून काहीच सुटत नाही. एकदा त्यांनी माझ्या छत्रीच्या काड्यांनाही ग्रीस चोपडलं होतं आणि मी नेमकी पांढरा ड्रेस घालून बाहेर पडले होते. तेव्हा हसले होते मी.

पण गिटारला ग्रीस? इलेक्ट्रिक गिटारला?

दिवेआगरला माझ्या घरी पर्यटक पाहुणे राहायला येतात. यंदा मे महिन्यात त्या घराचे पत्रे बदलायला काढले, म्हणून गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा अॅम्प बाबांकडे दिघीला नेऊन ठेवला. "नीट सांभाळा हां," एवढंच मी म्हणाले होते. गणपती झाल्यावर गेले, वायर लावली, तार छेडली. जराशी खरखर झाली, मग तीही थांबली. मागचं झाकण उघडलं तर आत काळंकुट्ट ग्रीस. बोटीच्या इंजिनाचं. बोटानं ठासून ठासून भरलेलं.

"हे कुणी केलं?" मी ओरडले. बाबांशी बोलताना एरवीही ओरडावंच लागतं, पण हे ओरडणं वेगळं होतं.

"मीच लावला," ते खुशीत म्हणाले. "आत सगळा लोखंडच हाय, बाय. गंजला असता."

मला असा संताप आला की ती गिटार खाडीत फेकून द्यावी. त्यांच्यावर चिडावं तर माया करून बसलेला माणूस. चिडू नये तर कसं? कारण ती गिटार माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त होती. इंजिनाच्या धडधडीत त्यांचे कान गेले होते. टीव्ही ऐकू येईना, फोन येईना, देवळातलं भजन येईना. गिटार मात्र यायची. अॅम्प मोठा केला की स्टूल ओढून अगदी समोर बसायचे आणि म्हणायचे, "ही तेवढी येते बघ मला." आख्ख्या पंचक्रोशीत मला वाजवायचा आग्रह करणारा हा एकच माणूस. आणि उरलेलं ऐकू येणंही दिवसेंदिवस उतरत चाललेलं. गिटार मुकी पडून राहिली तर राहिलेलं तेवढंही वाया जाणार होतं. आपल्याच हातानं आपलं दार लावून घेतलं होतं त्यांनी.

स्पिरिटनं आतून पुसून काढली. वायरी वाचल्या, पण दोन पॉट गेले. पॉट म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखाली असतो तो गोल भाग. त्याच्या आतली काळी पट्टी ग्रीसबरोबर खरवडून निघाली होती. एवढीशी वस्तू. म्हटलं, मिळेल कुठेही.

श्रीवर्धनला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं पॉट हातात घेतला आणि विचारलं, "मुलाची गिटार का?"

"माझी."

"असं करा, मिस्टरांना पाठवा. त्यांना समजावून सांगतो."

माझे मिस्टर बल्ब बदलताना मला हाक मारतात. तसं सांगितलं, तर दुकानदार हसला आणि जुन्या रेडिओचा पॉट माझ्या हातावर ठेवला. घरी येऊन जोडला. अर्ध्यापर्यंत फिरवलं तरी चूं नाही आणि पुढे एकदम कानठळ्या. वरचं बटणही त्यावर बसेना. माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

मग ऑनलाइन मागवले. कुरियरवाल्यानं 'ग्राहक घरी नव्हते' असं कळवून पार्सल परत पाठवलं. ग्राहक म्हणजे मी, त्या सबंध दिवशी फाटकात बसून सुपाऱ्या सोलत होते. रस्त्यावरून कुत्रं गेलं तरी दिसत होतं मला. मुंबईच्या वाद्यांच्या दुकानात फोन केला, तर तिथला शहाणा म्हणाला, "मॅडम, जुन्यात कशाला जीव अडकवता? नवीन घ्या ना." मी फोन आपटला. कुणाचा जीव कशात अडकलाय हे तो मला सांगणार!

इकडे दिघीला गेलं की बाबा दारातच विचारायचे, "झाली का गो?" मी नाही म्हणून मान हलवायची. मग ते जेवताना खाली बघून म्हणायचे, "माझ्यानं गेली ती." मी नाही नाही म्हणायची, पण माझा चेहरा खोटं बोलत नाही. लहानपणापासून ही खोड आहे त्याला.

शेवटी पॉट मिळाले ते मुरुडला. फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरून पुढे कामासाठी गेले होते. जेवायला एका नव्या हॉटेलात शिरले, तर एसीच्या खोलीत भिंतीवर इलेक्ट्रिक गिटार टांगलेली, तिला लायटिंगच्या माळा गुंडाळलेल्या. चांगली धडधाकट गिटार, पण शोभेला! मी जेवण सोडून मालकाला गाठलं.

"मॅडम, ते डेकोरेशन आहे," तो म्हणाला. "लोक फोटो काढतात."

"फोटोत आतलं दिसतं का?"

माझा आवाज बहुतेक स्वयंपाकघरापर्यंत गेला असावा. बराच वाद घातल्यावर ठरलं की त्याच्या गिटारचे पॉट मी काढायचे आणि माझे मेलेले तिच्यात बसवायचे, म्हणजे तिची बटणं जागच्या जागी राहतील. दुसऱ्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरिंगचं सामान घेऊन गेले आणि गिऱ्हाइकांच्या देखत अदलाबदल केली. त्याची गिटार कुणी वाजवणारच नव्हतं, तिचं काही बिघडलं नाही.

तशीच दिघीला गेले. पॉट जोडले, अॅम्प लावला. बाबा स्टूल ओढून समोर बसले. मी वाजवलं. स्वच्छ, भरलेला आवाज आला, पहिल्यासारखा. मला रडूच यायला लागलं.

बाबा थोडा वेळ वाट बघत बसले. मग म्हणाले, "अजून न्हाय झाली?"

मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. भांडी थरथरायला लागली. बाबा माझ्या बोटांकडे बघत होते आणि चेहऱ्यावर तोच अपराधीपणा. एवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या, दोन्ही हात कानांवर दाबून. "अगो, कौलं पडतील!"

बाबांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग अॅम्पकडे. उठून त्यावर पंजा ठेवला.

"वाजते?"

मी मान डोलावली.

"मोठ्यानं?"

पुन्हा मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

ते खाली बसले. कपाळ पुसलं. "मग माझ्या ग्रीसनं न्हाय गेली ती," ते म्हणाले, आणि गणपतीनंतर पहिल्यांदाच मोकळं हसले. "वाजव की. थांबलीस कशाला?"

मी वाजवायला लागले. इतका संताप अंगात आणि काढायचा कुणावर? त्या कुरियरवाल्यावर, मुंबईच्या शहाण्यावर, त्या लाँचीच्या इंजिनावर, वाया गेलेल्या सगळ्या दिवसांवर. सगळा तारांवर काढला. एक तार तटकन तुटली.

ते मात्र बाबांना दिसलं.

"गंजलेली व्हती," ते म्हणाले. "तारांना लावायचा राहिलाच व्हता बघ." आणि फळीवरून ग्रीसचा डबा काढून आणला. मी गिटार त्यांच्यापुढे धरली.