गडग्यापलीकडची गाडी आणि आईचं लिंबू

चुलतभाऊ मुंबईची नोकरी संपवून वाडीत परत आला, तो विजेवर चालणारी गाडी घेऊन. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. त्यावरून त्याची पडवी, पडवीतली पांढरी गाडी आणि भिंतीवरच्या चार्जरचा हिरवा दिवा मला ओटीवर बसल्या बसल्या दिसतो. बघायचं नाही असं ठरवलं तरी दिसतो.

नुसत्या गाडीचं मला काही वाटलं नसतं. पण आई तिच्यातून एकदा दवाखान्यात जाऊन आली आणि म्हणाली, आवाज नाही, वास नाही, पोटात ढवळत नाही. माझी डिझेलची गाडी पंधरा वर्षांची. तिच्यातून लांज्याला मावशीकडे जाताना आई लिंबू हुंगत बसते. दर मे महिन्यातली ही फेरी माझी, त्यात कुणी वाटेकरी नव्हता. यंदा आईने सहज विचारावं तसं विचारलं, "तो सोडील काय रे मला लांज्याला?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायको म्हणते, दोनदा भात घेतलात. असेल.

एवढ्यात मला कारण सापडलं. संध्याकाळी सातला तो गाडी चार्जिंगला लावायचा आणि आमचे दिवे पिवळे पडायचे. पंप नुसता गुरगुरायचा, टाकीत पाणी चढेना. खरं तर मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला.

आमच्या वाडीत विहिरीच्या पंपांसाठी घरोघर विजेच्या तिन्ही तारा आल्या आहेत. एकीवर उजेड कमी झाला, की मीटरजवळचा खटका फिरवून घर दुसरीवर घ्यायचं, ही इथली जुनी रीत. कुणी कुणाला विचारत नाही. मीही एका दुपारी बल्ब लावून तिन्ही तारा तपासल्या. मधलीवर दिवा लख्ख. आमचं घर होतं तिच्यावरच; तीच धरून ठेवली. मग अर्ज लिहायला बसलो, की एका गाडीपायी वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळेल, तरी घरी चार्जिंग करण्यास बंदी करावी. सह्यांसाठी पाच घरं फिरलो. पाचही ठिकाणी चहा घेतला आणि निघताना फुकटचा सल्ला दिला, तोवर मधली तार धरा, झकास आहे.

दिवे आणखी पिवळे झाले. मी अर्जात 'अत्यंत' हा शब्द वाढवला.

अर्ज नेऊन देणार त्याच्या आदल्या संध्याकाळी वायरमन हजर. त्याला भावानेच बोलावलं होतं. वाडी ट्रान्सफॉर्मरखाली जमली. त्याने एकेका तारेला चिमट्यासारखं मीटर लावून पाहिलं. कडेच्या दोन्ही तारा जवळजवळ रिकाम्या होत्या.

"मधलीवर गाडी आहे, ते समजलं," तो म्हणाला. "पण सगळी घरं तिच्यावरच कशी गेली?"

पाचही घरांनी माझ्याकडे बघितलं.

"दुपारी तीच लख्ख होती," मी म्हटलं.

"दुपारी गाडी बाहेर असते ना, काका."

त्याने घरं तिन्ही तारांवर वाटून दिली. सगळ्यांचे पंप चालू असताना गाडी लावू नका, असं भावाला सांगितलं. वाडीत अशा आणखी दोन-तीन गाड्या आल्या, तर ट्रान्सफॉर्मर मोठाच लागेल, हेही सांगून गेला. भाऊ माझ्याजवळ आला. "दादा, गडग्यावरून नुसती हाक मारली असतीस, तर मी पहिल्या दिवसापासून दुपारी लावली असती." माझ्या खिशात पाच सह्यांचा अर्ज होता. मी खिशावर हात ठेवून उभा राहिलो.

लांज्याच्या दिवशी त्याने चावी माझ्याच हातात दिली. म्हणे, रस्ता नीट आठवत नाही. लहानपण इथे गेलेला माणूस. स्वतः मागे बसला. मी आठवणीने आणलेलं लिंबू आईच्या हातात दिलं. वाटेतल्या हातखंब्याच्या आधीच तिचा डोळा लागला आणि लिंबू मांडीवर तसंच राहिलं. गाडी इतकी सुरेख चालत होती, की माझा हेवा घाटापर्यंत दुप्पट झाला.

मावशी दारातच म्हणाली, आज अगदी ताजी दिसतेस गो.

"मुलानं आणलंन," आई म्हणाली.

कुठल्या गाडीतून, ते तिने सांगितलं नाही. मागे उभ्या असलेल्या भावानेही सांगितलं नाही. मी आईची पिशवी उचलून आत नेली. लिंबू परत आणलं आणि दुसऱ्या दिवशी आमटीत पिळलं.