शेवटी कोणाच्या हातात होता?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच — तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या अकोल्यातले नाही, एवढंच असेल कदाचित.

आमच्या गल्लीत विचाराल तर वेगळंच ऐकाल. नणंदेने दगा दिला, असं ऐकाल. घरच्या फोटो स्टुडिओत सगळं शिकली आणि ऐन लग्नसराईत उठून अमरावतीला दुसऱ्याच्या स्टुडिओत नोकरीला गेली. हे मीच पसरवलंय. हळदीकुंकवाला, भाजी घेताना, जिथे कुणी 'सोनल दिसत नाही हल्ली' म्हणालं तिथे. सांगताना माझा आवाज भरून यायचा — आणि नाटक नव्हतं हं ते, खरंच भरून यायचा. तिने मला फसवलं याचं दुःख मला आजही होतं. या दुःखाचं काय करायचं, मला कळत नाही.

सोनल माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. ड्रोन घ्यायचा हट्ट तिचाच. ह्यांचा विरोध — 'पोरीचं काम हाय का हे?' मी मध्ये पडले तेव्हा कुठे ड्रोन घरात आला. मग लग्नाआधीच्या शूटिंगला आम्ही दोघीच जायचो. एक रिमोट धरून स्क्रीनकडे बघायची, दुसरी मान वर करून नुसती ड्रोनवर नजर ठेवायची. नियम सोनलने केलेला: वर बघणारीने 'उतरवा' म्हटलं की उतरवायचं, वाद नाही. आणि वारा असला तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे बॅटरी उतरत आली की येताना वाराच ढकलत आणतो. तिला हे सगळं आवडायचं हो. तिला आयुष्यभर हेच करायचं होतं.

चिखलदऱ्याला दर्यापूरचं एक जोडपं होतं, दरीच्या काठावर उभं केलेलं. आम्ही होतो तिथे पानही हलत नव्हतं, पाठीशी टेकडीचा आडोसा होता. रिमोट माझ्याकडे. जोडप्यापासून मागे मागे जात मला अख्खी दरी दाखवायची होती. ड्रोन भराभर निघाला. इतका, की मला वाटलं, आता माझा हात बसला. कसला हात? वारा नेत होता त्याला.

"वहिनी, वरतं हवा लय हाय. त्या झाडाचे शेंडे पाहा ना. उतरवा."

मला ऐकू आलं. हे नीट सांगते — अगदी स्पष्ट ऐकू आलं. पण नवरीची आई शेजारी उभी राहून माझं कौतुक करत होती. तिच्यासमोर नणंदेचं ऐकायचं? मी आणखी पुढे नेला. स्क्रीनवर वाऱ्याची सूचना आली, बोटाने सारली. बॅटरीची आली — तीही सारली. मग वळवला, तर तो पुढे सरकेचना. वारा समोरून, मी पूर्ण जोर लावलेला, आणि ड्रोन उलटा हळूहळू मागेच चाललेला. खाली घ्यायला हवा होता, खाली वारा कमी असतो. सुचलं नाही म्हणू? नाही, सुचलं होतं. पण तोवर बॅटरीकडे बघितलं आणि कळलं, हा आता येत नाही.

तेव्हा मी काय केलं?

"घे वं सोनल, तुह्या हाताले जमते," म्हणून रिमोट तिच्या हातात दिला.

बॅटरीचं बोलले नाही.

तिने बिचारीने तो दिसावा म्हणून आधी जरा वर घेतला. वर वारा जास्तच. बॅटरीचा आकडा तिला दिसला असणार, पण आपण वर नेल्यामुळेच तो घसरला असं तिला वाटलं. ड्रोन दरीतल्या झाडीत गेला. खाली कुणी माणूस नव्हतं, हे नशीब. पुष्कळ शोधला, सापडला नाही.

घरी ह्यांनी एकच विचारलं, "शेवटी कोनाच्या हातात होता?"

"सोनलच्या," मी म्हणाले.

खोटं आहे का हे? सोनलने माझ्याकडे बघितलं. 'मी उतरवा म्हटलं होतं,' एवढं ती सांगू शकली असती. नाही सांगितलं — भावासमोर वहिनीला उघडं कसं पाडायचं म्हणून. आणि मी तिच्या त्या गप्प बसण्याचा फायदा घेतला. शिवाय नंतर स्वयंपाकघरात तिला म्हणाले, "वरतं नेला नसता तं आला असता वं." तिच्या मनात ते पक्कं बसावं म्हणूनच म्हणाले. बसलं.

ह्यांनी तिला पुन्हा कॅमेऱ्यालाही हात लावू दिला नाही. दुकानात बसवून अल्बमची कामं दिली. मी एका शब्दाने मध्ये पडले नाही. मग ती गेली, तर दगा दिला म्हणून मीच रडत सुटले. अमरावतीतही ती कॉम्प्युटरवरच बसते, शूटिंगला जात नाही. दगा कोणी कोणाला दिला होता?

यंदा राखीला आली होती. ह्यांचा राग केव्हाच गेलाय. गच्चीवर नवा ड्रोन काढून ह्यांनी रिमोट तिच्यापुढे धरला, "घे, उडव."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको दादा. मह्या हातून पडते तो."

हसून म्हणाली. हे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, नाही? मी पुढे झाले, ह्यांच्या हातातून रिमोट घेतला आणि ड्रोन स्वतः उडवला. छान उडवला, अलगद उतरवला.

"वहिनी, तुमचा हात किती पक्का हाय," सोनल म्हणाली. अगदी मनापासून.

मी 'हो' म्हणाले.