रोमला नेलेली ओटी

आम्ही रोमला गेलो ते रोम बघायला नव्हे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग ऑफिसात होतो, घर नेरूळला. वसुधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, धाकट्या बहिणीला, सुलूला, सातवा लागणार होता. वाशीला ओटीभरणाची तयारी सुरू झाली होती आणि पहिली ओटी ताईनंच भरायची हा सुलूचा हट्ट.

आमची मिनू तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हापासून वसुधा कुणाच्या हळदीकुंकवाला जात नव्हती. सोसायटीतल्या बायका आवर्जून बोलवायच्या, हीच मागे सरायची. लेकरू गमावलेल्या बाईचा हात कुणाच्या ओटीला लागू नये, असं तिनं मनाशी धरलं होतं. मी समजावून थकलो आणि शेवटी नेमक्या त्याच दिवसांतली युरोप टूर बुक केली. लोकांना वाटलं, बायकोला दुःखातून बाहेर काढतोय. खरं म्हणजे आम्ही दोघंही पळ काढत होतो.

सुलू काही दूधखुळी नव्हती. एअरपोर्टवर आली आणि ताईच्या हातात एक पुडकं ठेवलं. आत हिरवा खण, तांदूळ आणि सुपारी. ‘नारळ विमानात नको म्हणाले, म्हणून सुपारी घातलीय. तिकडे मोत माउलीचं मोठं चर्च आहे ना? माझ्या नावानं तिची ओटी भरून ये. तेवढं तरी कर, ताई.’ वांद्र्याच्या माउलीला, येशूच्या आईला, नवस बोलणाऱ्या आमच्या माणसांना यात काही वावगं वाटत नाही. वसुधानं मात्र विमान सुटायच्या आत ते पुडकं ग्रुपमधल्या कुलकर्णीकाकूंकडे सोपवलं. ओटी काकूंनी भरायची, असं ठरलं.

रोमला आमच्या वाट्याला एकच दिवस होता. तुम्ही जाल तर दोन तरी ठेवा. कोलोसियमला सकाळी लवकर पोचा, नंतर ऊन भाजून काढतं. पाणी विकत घेऊ नका, रस्तोरस्ती नळ आहेत आणि पाणी गार, गोड. तेव्हा लिरा होते. साध्या कॉफीच्या बिलावरची शून्यं बघून छातीत धस्स व्हायचं. टूरबरोबरच्या आचारी महाराजांनी बांधून दिलेली पोळीभाजी आम्ही पायऱ्यांवर बसून खाल्ली. ‘आपल्याकडे एवढी जागा बिल्डरनं सोडली असती होय?’ असं कुणी म्हणालं, सगळे हसले. वसुधा हसली नाही.

दुपारी सेंट पीटर्स, सुलू म्हणाली ते मोठं चर्च. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीला अडचण नव्हती, पण हौसेनं घातलेल्या माझ्या हाफ पँटीवर मला वसुधाची शाल लुंगीसारखी गुंडाळावी लागली.

आत शिरलं की उजव्या हाताला, काचेआड, ती आहे. कडेवर बाळ घेतलेली माउली आम्हाला ठाऊक होती. ही तशी नव्हती. हिच्या मांडीवर तिचा मुलगा होता, चांगला मोठा झालेला आणि मेलेला. वसुधा जागीच थांबली. काकू पुडकं घेऊन कठड्यापर्यंत गेल्या, तर रखवालदारानं हातानंच नको म्हणून सांगितलं. ‘काचेत आहे हो ती, ओटी कुठे भरणार?’ म्हणत काकूंनी पुडकं वसुधाच्या हातात परत दिलं आणि ग्रुपमागे गेल्या.

कठड्याशी एक तरुण गोरी बाई उभी होती. दिवस भरत आलेले. पोटावर हात ठेवून, डोळे मिटून ती पुटपुटत होती. वसुधा कधी तिच्याकडे बघे, कधी मूर्तीकडे.

‘अहो, हिचा मुलगा गेलाय ना?’

‘हो.’

‘आणि ती पोर हिच्याकडेच मागतेय.’

वसुधानं पुडकं कठड्याला टेकवलं, कपाळाला लावलं आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मग ती रडली. मिनूनंतर चारचौघांत पहिल्यांदा. मीही रडलो, लुंगी सावरत.

संध्याकाळी ट्रेव्हीच्या कारंज्यात सगळे पाठमोरे उभे राहून नाणी टाकत होते. नाणं टाकलं की रोमला परत येणं होतं म्हणे. वसुधानं टाकलं नाही. म्हणाली, मला घरी जायचंय.

घरी आलो तर सुलूनं सातव्यात कार्यक्रम केलाच नव्हता. ताई आल्यावर नवव्यात करू, असं सासूला सांगून मोकळी झाली होती.

सुलूला मुलगी झाली. तीच आता नवऱ्याबरोबर रोमला निघालीय आणि काका, काय काय बघू, म्हणून विचारते. खरं सांगायचं तर कोलोसियम मला धड आठवत नाही, फोटोही पिवळे पडले. आठवतो तो वाशीचा हॉल, पाटावर बसलेली सुलू आणि रोमहून परत आलेला हिरवा खण. वसुधानं त्याच तांदळांनी ओंजळ भरली. पदरात घालताना निम्मे दाणे जमिनीवर सांडले. ती तशीच थांबली, मागे सरकते की काय असं मला वाटलं.

सुलूनं पदर आणखी पुढे केला. म्हणाली, ‘अजून घाल, ताई.’