धुतलेलं लुगडं

"निरोपाच्या दिवशी तुझ्या आईला त्या मळक्या साडीत घेऊन ये," हॅना म्हणाली.

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं. दोन वर्षं मी तिचं बोलणं आमच्या लोकांना आणि आमच्या लोकांचं बोलणं तिला सांगत होते. कधी अडले नव्हते. मी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं, सावकाश, शब्द सुटे करून. मळकी साडी. शेतातून येताना नेसते ती. हॅनाच्या देशातून पाहुणे येणार होते, तिचे आईवडील येणार होते. त्यांना फिल्म बनवायची होती. आधी आई जुन्या साडीत दिसेल, मग हॅना स्टेजवर तिला नवी साडी देईल. आधी कशी होती आणि नंतर कशी झाली, ते लोकांना दिसेल.

असोद्याच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही मुलांचा वर्ग झाडत होतो. मिशननं तिला दोन वर्षांच्या सेवेला पाठवलं होतं, ती संपायला तीन आठवडे राहिले होते. माझ्या हातातला झाडू मी खाली ठेवला.

"ती साडी मळकी नाही," मी म्हणाले.

"मला काय म्हणायचंय ते तुला कळतंय ना," ती म्हणाली, आणि हसली.

कळत होतं. फार जुन्या एका दिवसापासून कळत होतं.

केळीचा चीक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. गळतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कळतही नाही. वाळला की काळा पडतो. मग तुम्ही सोडा टाका, लिंबू चोळा, दगडावर आपटून कापडाचा जीव काढा, तो जात नाही. कापड फाटेल, डाग राहील. माझी आई दुसऱ्याच्या मळ्यात घड वाहते. डोक्यावर घड, मानेवरून चीक. तिच्या एकूण एक लुगड्याच्या खांद्यावर काळे ओघळ आहेत. आणि ती रोज लुगडं धुते. ताप असला तरी धुते. आमच्या वस्तीत इतकं कापड आपटणारी दुसरी बाई नाही.

आम्ही मातंग. माझे आजोबा येशूकडे गेले, कारण त्या दारात त्यांना आत या म्हणाले. बाकीच्या दारांत बाहेरूनच बोलायचे. धर्म बदलला. वस्ती तीच राहिली, गावाच्या उताराला, जिथं सगळ्यांचं सांडपाणी येतं.

तिसरीत होते तेव्हा आईनं तिच्या लुगड्याचा मला फ्रॉक शिवला. पोटावर डाग आला होता. तपासणीला साहेब येणार म्हणून बाईंनी मला शेवटच्या रांगेमागे भिंतीकडे तोंड करून उभं केलं. म्हणाल्या, "तुमच्यात आंघोळ करत नाहीत का गं?" सगळा वर्ग हसला. साहेब येऊन गेले तरी मला कुणी वळ म्हटलं नाही. सुट्टी झाली तेव्हा मी वळले.

घरी आल्यावर मी फ्रॉक फेकून दिला. आईनं तो उचलला, झटकला आणि घडी केली. म्हणाली, "मय नही व पोरी. चीक शे तो." आई पारोळ्याकडची, मळाला मय म्हणणारी; तिची बोली असोद्यात येऊनही सुटली नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. बाई आल्या, तिच्या शेजारून गेल्या. आईनं हात जोडले. तोंडातून शब्द आला नाही. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. इतका राग आला मला, बाईंचा नाही, आईचा. बोल ना. बोलत का नाहीस?

तेव्हाच ठरवलं होतं की मी बोलणं शिकेन. मराठी शिकेन, इंग्रजी शिकेन, कुणी समोर आलं तर जीभ चिकटणार नाही असं शिकेन. जळगावच्या कॉलेजात शिकले. आईनं घड वाहिले आणि मी शिकले, एवढीच ती गोष्ट आहे. आणि मग हॅना आली, तिला दुभाषी हवी होती.

मी तिला जीव लावला, हे लपवून काय उपयोग? माझ्याच वयाची मुलगी, सात समुद्र ओलांडून आलेली. मला बहीण नव्हती. ती आमच्या घरात जमिनीवर बसून कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा खायची, डोळ्यांतून पाणी काढत. "माले भूक लागनी" हे वाक्य तिनं पाठ केलं होतं. दारातून ते ओरडतच यायची, आणि आई चूल सोडून हसत बसायची. आई तिला "मनी गोरी पोर" म्हणायची. तिला मलेरिया झाला तेव्हा आई तीन दिवस तिच्या उशाशी होती. तिनं आईला मिठी मारलेली मी पाहिली आहे. त्या डागांवरच गाल टेकून.

तरी तिनं कधी विचारलं नाही, की हे डाग कशाचे.

त्या दिवशी खोलीत मी तिला सगळं सांगितलं. चीक, फ्रॉक, भिंत, फाटकाशी उभी राहिलेली आई. तिचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं. विसरून जा, मी असं बोलायलाच नको होतं," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. मी विसरले. आईला यातलं काही सांगितलं नाही.

निरोपाचा कार्यक्रम जळगावात एका हॉलमध्ये होता. वस्तीतली माणसं काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून आली. आई निळी साडी नेसली होती. माझ्या मामेभावाच्या लग्नात घेतलेली, मळ्यात कधीच न नेलेली. केसांना तेल लावलं होतं. पहिल्या रांगेत पाहुण्यांशेजारी तिला खुर्ची दिली होती. ती खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसली, सारखी मला शोधत.

मिशनचं काम बघणारे धुळ्याचे पास्टर साहेब प्रार्थना करून बसले. मग हॅना उठली. तिच्या बाजूला मी. ती एक वाक्य बोलायची, मी ते मराठीत सांगायचे. सुरुवातीला भाकरी आली, ठेचा आला, आमची माणसं हसली. मग मागच्या भिंतीवर मोठा फोटो उमटला.

माझी आई. मळ्यातून येताना. काळ्या ओघळांचं लुगडं, हातात विळा, तोंडभर हसू. फोटो काढणाऱ्या हॅनासाठी हसली होती ती.

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "अक्का, तुना फोटो देख!" कुणीतरी ओरडलं. आईनं लाजून तोंडाला पदर लावला.

आणि हॅना इंग्रजीत म्हणाली, "मी आले तेव्हा ही बाई घाणीत राहत होती. स्वच्छ कसं राहायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि या मुलीवर कुणी कधी प्रेम केलं नव्हतं."

पाहुण्यांतल्या एका बाईनं डोळे पुसले. हॅना थांबली. माझी पाळी होती.

आई पदराआडून अजून हसत होती. माझ्याकडे बघत होती, की तिच्याबद्दल काय छान बोललं गेलं ते आता मी सांगणार. सगळी वस्ती तशीच बघत होती. मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली. इतकं शिकून शेवटी मी शाळेच्या फाटकाशीच उभी होते.

हॅनाचा हात खांद्यावर दाबला गेला. "प्लीज," ती पुटपुटली. "पाहुण्यांसाठी आहे हे. नाहीतर त्यांना कळणार नाही."

पास्टर साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "पुढं बोल गं. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं."

मीठ! दोन वर्षं कुणी कुणाचं मीठ खाल्लं होतं?

मी तिचा हात काढला. माईक घेतला आणि इंग्रजीत पाहुण्यांना म्हणाले, "तो केळीचा चीक आहे. तो धुऊन जात नाही. माझ्यावर प्रेम कुणी केलं, ते तुमच्या शेजारी निळ्या साडीत बसलं आहे."

पाहुण्यांच्या माना आईकडे वळल्या. आमच्या लोकांना शब्द कळले नाहीत, पण त्या माना दिसल्या. आईचा पदर खाली आला.

"ती काय सांगी राहिनी, पोरी?" तिनं विचारलं. "तू गप का व्हयनी?"

मला खोटं सांगता आलं असतं. तुझं कौतुक करत होती, आई, असं म्हटलं असतं तर तिनं ते मरेपर्यंत जपून ठेवलं असतं. पण तिच्याबद्दल तिच्यासमोर, तिला कळणार नाही अशा भाषेत बोलणाऱ्यांत मला बसायचं नव्हतं. मी सांगितलं. हॅनाचे शब्द जसेच्या तसे, तिच्या बोलीत. सांगताना मला रडू आलं. थांबले नाही.

आई उठली. भिंतीवरच्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली.

"धुयेल शे ते लुगडं," ती म्हणाली.

एवढंच. हात जोडले नाहीत तिनं. मग चालू लागली, आणि तिच्यामागे वस्ती उठली. नवी साडी टेबलावर खोक्यात तशीच राहिली.

जायच्या आदल्या दिवशी हॅना घरी आली. दारातून ओरडली नाही. डोळे सुजलेले होते. आईसमोर बसून ती इंग्रजीत बोलत राहिली, खूप वेळ, रडत. सगळं कळत होतं मला. काही खरंही होतं त्यातलं. आई माझ्याकडे बघत होती, सांग म्हणून. हॅनाही बघत होती. मी सांगितलं नाही. आमच्याशी बोलायला तिला दोन वर्षं मिळाली होती. तिनं भुकेचं तेवढं एक वाक्य शिकून घेतलं.

आईनं तिच्यापुढे ताट ठेवलं. "जेवी ले," म्हणाली. तिच्याकडे न बघता. हॅना जेवली. मी दोघींना बघत होते, आणि मला वाटलं, आत्ता या क्षणी तिनं आईच्या लुगड्यावरच्या डागाकडे बोट दाखवून आईलाच नुसतं विचारावं, हे काय आहे? मी सगळं विसरले असते. तिनं ताट धुतलं आणि गेली.

त्या रात्री आई मला म्हणाली, "जाती पोर व्हती. तिले रडाई दिनं तू." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. अजूनही कधी कधी हॅनासाठी भाकरी थापायला आईचा हात पुढे होतो. मला हॅनाची आठवण येते. येऊ दे.

पत्र्याच्या खोलीची किल्ली पास्टर साहेबांनी मागून घेतली. मुलांचा वर्ग आता आमच्या ओट्यावर भरतो. आई मळ्यातून येते, मुलांच्या मधून वाट काढते, मागे मोरीवर लुगडं आपटायला लागते. त्या आवाजात मी शिकवते. कुणाच्या सदऱ्यावर चिकाचा डाग असला तर त्याला मी पहिल्या रांगेत बसवते.

गेल्या आठवड्यात धुळ्याहून पास्टर साहेबांचा फोन आला. नवी मुलगी येतेय, म्हणाले. झालं गेलं सोडून दे, तुझ्यासारखं इंग्रजी इथं कुणाला येत नाही.

मी म्हणाले, "तिला आधी बोली शिकू द्या. तिच्या बाजूला मी उभी राहणार नाही. तिच्या कार्यक्रमाला येईन, आईला घेऊन येईन, पहिल्या रांगेत बसेन. आणि जिथं खोटं ऐकू येईल तिथं उठेन."