मागून नेलेलं झबलं

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला हरताळ होता. माझी दहा दिवसांची मुलगी तापाने फणफणली होती. ‘गाड्या बंद आहेत’ म्हणत मी दिवस घरात काढला. खरं म्हणजे गोळीबाराला भ्यालो होतो. बायकोला ते सांगितलं नाही. ‘आता दुसरं मूल नको’ एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुलीला परळच्या इस्पितळात नेलं. तिथे शेजारच्या खाटेशी एका गिरणीकामगाराची बायको होती. हरताळाच्याच दिवशी ती आजारी तान्हं पदरात गुंडाळून चिंचपोकळीहून चालत आली होती. वाळलेली दुपटी ती तळहाताने दाबून सरळ करायची.

एकदा माझ्या मुलीकडे बघत म्हणाली, “दादानू, चेडू बरा झाला की तेचा झबला माका देवा. दुखण्यातून उठलेल्या पोराचा झबला फुडच्याक पयला घालतत.”

“पुढचं? अजून हेच बरं नाही.”

“ह्या बरा होतलाच. भिऊन घर भरता काय?”

त्या संध्याकाळी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “मला दुसरं हवंय. पुन्हा भ्यालात, तर मी जाईन चालत.”

मुलगी वाचली. झबलं मी त्या बाईला दिलं. धाकटीच्या वेळी बायकोने नवं शिवलं.